जुन्या भिंतीला मऊ सील

३ ऑगस्ट, रविवार

गाडीचं इंजिन उघडलं एकदाचं. शेवटचा लांब बोल्ट ऐकेना. पान्याला पाइप लावून त्यावर जवळजवळ बसलोच, तेव्हा कुरकुरत सुटला. मग एकेक थर उचलून ठेवला, जेवणाचा डबा सोडतात तसा. दोन्ही रोटर ठीक. भिंती मात्र गेल्यात. दोन्ही हाऊसिंगच्या आतला क्रोम, धूर बाहेर पडतो त्या भोकाच्या कडेला, पापुद्रे सुटून उडालाय. कल्हई गेलेलं पातेलं दिसतं तसं. नख अडकतं.

म्हणून दम राहत नव्हता. कारण कळलं, आता आत घालायचं काय ते ठरवायचं.

उषा घरून डबा घेऊन शेडवर आली होती. रोटर बघून म्हणाली, "हा समोसा कसला?" म्हटलं, साध्या इंजिनात उखळात मुसळ चालतं तसं, वर-खाली, धबाधबा. ह्यात मुसळ नाही, हे जातं. हा फुगीर त्रिकोण भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत फिरतो, तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत. टोकांवर सीलं. सील आणि भिंत यांचं जमलं तर इंजिन, नाहीतर नुसतं धुराडं.

"म्हणजे सासू-सुना," म्हणाली आणि डबा उघडला.

बाळू आला नाही. इतकी वर्षं मॅन्युअल तो मोठ्याने वाचतो, पाना मी चालवतो. मी जोडायची, त्याने चालवायची, ही वाटणी गाडी घेतली तेव्हापासूनची. कुठल्याशा वकिलातीतला साहेब बदलीवर जाताना विकून गेला, ती आम्ही दोघा भावांनी मिळून घेतली. मी चालवली की गाडी नुसती जाते. बाळू चालवायचा तेव्हा शेजारच्याच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही. राजधानीत जुन्या गाड्यांना पंधरा वर्षांची मुदत, ती संपल्यापासून रस्त्यावर बंदी, तेव्हापासून ती इथे, चावलाजींच्या बंद कारखान्यात. आतला काँक्रीटचा रस्ता आहे, गेटपासून बॉयलरघरापर्यंत, सरळ आणि रिकामा. आम्हाला तेवढा पुरे.

फोन केला तर म्हणे, "दादा, आता तूच वाच. इंग्रजी सुधारेल तुझं."

थट्टाच. पण पूर्वी मॅन्युअल दुसऱ्याच्या हातात गेलेलं त्याला खपत नसे.

५ ऑगस्ट

सुनंदाचा फोन, द्वारकेच्या त्यांच्या फ्लॅटवरून. बाळू आंघोळीला गेला ती वेळ साधून. धाकट्या भावाची बायको, पण माझ्याशी कधी आडपडदा नाही.

काचबिंदू. दोन्ही डोळे.

"बाजूचं दिसतच नाही त्यांना, दादा. समोरचं दिसतं, तेही नळीतून बघावं तसं. घरची गाडी होळीपासून मीच चालवते. विचारलं तर म्हणतात, पार्किंगचा कंटाळा येतो."

डॉक्टर काय म्हणतात, विचारलं.

"थेंब घाला म्हणतात. गेलं ते परत येत नाही म्हणतात. उरलंय ते किती दिवस, ते कोणी सांगत नाही."

मग शपथ घातली. मला कळलंय हे बाळूला कळता कामा नये. "ते म्हणतात, दादाला कळलं तर तो मला गाडीला हात लावू देणार नाही."

असं म्हणाला. माझ्याबद्दल.

दिवसभर शेडमध्ये बसून राहिलो. कामाला हात लागला नाही.

६ ऑगस्ट

एवढंच करायचं: बाळूने एकदा चालवावी. गेटपासून बॉयलरघरापर्यंत, स्वतःच्या हाताने. समोरचं दिसतंय तोवर. रस्ता सरळ आहे, बाजूने कोणी येणार नाही.

त्या हिशेबाने आतलं सामान निवडायचं तर दोन वाटा.

एक. नव्या भिंती, जपानहून. त्यांच्यावर कडक सीलं. जन्माचं काम. पण कधी येतील, कस्टमवाले कधी सोडतील, काही भरवसा नाही.

दुसरी. ह्याच भिंती. कडेचे पापुद्रे दगडाने हलके घासून घ्यायचे, त्यावर मऊ सीलं. मऊ सील जुन्या भिंतीला सांभाळून घेतं, स्वतः झिजतं पण भिंत खात नाही. माझ्या कपाटात एक कोरा जोड कधीचा पडून आहे. हे इंजिन फार जगणार नाही. पण दिवाळीच्या आत सुरू होईल.

टिकाऊ की वेळेवर. दुसरं काही नाही.

१० ऑगस्ट, रविवार

बाळू आला. सुनंदाने गेटाशी सोडला, स्वतः गाडीतच बसून राहिली. भिंतीवरून बोट फिरवलं त्याने, नख अडकलं तिथे थांबला. "ह्या भंगारात."

"घासून घेतो. मऊ सीलं घालू. दिवाळीआधी फिरवशील."

"आणि होळीला परत उघडायचं?"

"उघडू. आपल्याला दुसरं काम काय आहे?"

"दादा, टवके उडालेल्या पाट्यावर वरवंटा फिरवायचा म्हणतोयस तू. वरवंटाही जाणार आणि चटणीत कचही येणार."

बरोबर बोलत होता. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. हीच उपमा वापरली असती, माझ्याच तोंडून शिकलाय. पण कारण सांगता येत नाही तेव्हा माणूस हट्टीच दिसतो. मी नुसतं "चालेल, चालेल" करत राहिलो.

चावलाजी चहा घेऊन आलेले. त्यांच्यासमोर म्हणाला:

"तुला चांगल्या वस्तूची सवयच नाही. जन्मभर डेपोच्या स्टोअरात मोडकं मोडक्याला जोडलंस आणि त्यालाच कसब समजत आलास."

चावलाजी म्हणाले, "छोड़ो जी, दोनों भाई चाय पियो. ठंडी हो रही है."

प्यायलो. मिठाची गुळणी धरून चहा पिता येतो, आज कळलं.

११ ऑगस्ट

मनातून जात नाही. केंद्राच्या मंत्रालयात फायली सरकवून अवर सचिव झाला तो, मी नाही झालो, यात नवीन काय. अभिमानच आहे मला. पण चावलाजींसमोर.

एक शब्द बोललो असतो तर गप्प झाला असता. तो शब्द सुनंदाकडे गहाण पडलाय.

२८ ऑगस्ट

काल द्वारकेला गणपतीला. बाळू घरात सराईत वावरतो, मोजून टाकलेली पावलं. ओळखीचं घर आहे, कोणाच्या लक्षात येऊ नये. आरतीला तबक फिरवताना मात्र सुनंदा त्याच्या उजव्या अंगाला सरकून उभी राहिली. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

जेवताना बाळूने जाहीर केलं: नव्या भिंतींची ऑर्डर गेली. कडक सीलंही. "दिवाळीनंतर येतील म्हणतात. येऊ देत. घाई थोडीच आहे."

सुनंदा मला वरण वाढत होती. वाढतच राहिली. वाटी भरून ताटात आलं.

१४ सप्टेंबर, रविवार

ठरवलं. त्याला न सांगता जुन्याच भिंतींवर बांधायला घेतो. विचारलं तर सांगायचं, नव्या येईपर्यंत जुनं साफसूफ करून ठेवतोय.

उषाला सांगितलं. म्हणाली, "चोरून उपास करतात ते ऐकलंय. चोरून इंजिन पहिल्यांदाच ऐकते."

"तुला पटत नाही?"

"मला काय विचारता, तुमचं आधीच ठरलंय. पण त्याला आवडणार नाही हे धरून चाला."

चालवल्यावर आवडेल, म्हटलं.

२१ सप्टेंबर

भिंतींच्या कडा घासून झाल्या. नख आता अडकत नाही, नुसतं जाणवतं. रोटरच्या खाचांतलं काजळ काढलं. तेल अडवणाऱ्या कड्यांची रबरं नवीन घालणार, रबर जुनं कधीच घालू नये, ह्यात काटकसर नाही. स्प्रिंगाही नव्या. जुन्या स्प्रिंगा दिसायला ठणठणीत होत्या, पण नव्या शेजारी उभ्या केल्या तर बुटक्या. आपल्याला एकट्याला आपण उंचच वाटतो.

बाजूची सीलं मात्र जुनीच. रोटरच्या दोन्ही तोंडांवर बसतात त्या बारीक वाकड्या पट्ट्या, काडेपेटीच्या काडीहून नाजूक. प्रत्येकीची खाच ठरलेली. इतकी वर्षं जिथे झिजली तिथेच ती नीट बसते, पायाला जोडा बसतो तशी. म्हणून प्रत्येकीची वेगळी पुडी, वर जागेचा आकडा. पुढच्या रोटरच्या पुड्यांना लाल दोरा, मागच्याच्या पुड्यांना हिरवा.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आमच्या घरची रीत: हत्यारं थोरल्याने धुवायची, धाकट्याने मांडायची. वडिलांच्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात सायकलचा पंप, पक्कड, आईची विळी, सगळं मी घासायचो आणि बाळू फुलांत मांडायचा. त्याची मांडणी बघायला शेजारचे पंजाबी लोकही यायचे. "काका, आज क्या सजाया?" अशी त्यांची पोरं वडिलांना विचारायची.

यंदा शेडमध्ये करू म्हणाला. बरं वाटलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच आपण होऊन आला. मी पाने, फीलर गेज, टॉर्क रेंच, सगळं रॉकेलमध्ये धुऊन ठेवलेलं. सुनंदाने झेंडू आणलेला. आम्ही तिघं चावलाजींच्या ऑफिसात चहा करायला गेलो, तो मांडत बसला.

परत आलो तर तबकात कमळ. बारीक पट्ट्यांच्या पाकळ्या, एकीला एक टेकून, मधे झेंडू, पाकळीपाकळीवर हळद-कुंकू. देखणं. उषा "वा" म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

पुड्या बाजूला रिकाम्या पडलेल्या. लाल-हिरवे दोरे एकमेकांत.

"पुड्यांतून काढलंस?"

"मग काय पुड्यांची पूजा करायची? वस्तूची करतात, दादा."

"परत कुठली कुठे, कळेल?"

"बिल्कुल. मीच काढल्यात ना. उद्या येऊन लावून देतो."

पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. आरती केली. बाळूचा आवाज अजून वडिलांसारखा लागतो.

२ ऑक्टोबर, दसरा

आला. पट्ट्या लावायला बसला. मी समोर बसलो.

एकेक उचलायचा, मान तिरकी करायचा, कोंबडी दाणा बघते तशी. पुडी घ्यायचा. हिरव्या दोऱ्याची पुडी हातात घेऊन "लाल" म्हणाला आणि पुढच्या रोटरच्या डब्यात ठेवली. पुढची उचलली. तिलाही मान तिरकी. पुडीवरचा आकडा वाचल्यासारखं केलं. पुडी उलटी होती.

शेडमध्ये उजेड कमी आहे, खरं. एवढा कमी नाही.

त्याच्या लेखी ही सीलं भंगारात जाणार, नवीन येणार. माझ्या लेखी हीच घालायची होती. थांबवलं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती आणि त्याचीही. दोघांनी आपापलं झाकण धरून ठेवलं.

सगळं भरून झाल्यावर हात झटकले. "झालं. जशीच्या तशी."

सुनंदा दाराशी उभी होती. तिला मी सोनं द्यायला गेलो तर पानं हातात घेऊन तशीच उभी राहिली, नमस्कार करायचं विसरली.

मला वाटत होतं तेवढाही वेळ नाही.

७ ऑक्टोबर

जुन्या पट्ट्या बाद. खाचेत बसवून फीलर गेजची पातळ पाती घालून फट मोजली. एक सैल, एक घट्ट. कुंकू तेलात कालवून खोबणीत गेलंय ते वेगळंच. नव्या पट्ट्यांची पाकिटं होती, त्या मुद्दाम लांब येतात, एका टोकाला घासून जागेप्रमाणे बेतायच्या. वस्तऱ्याला धार लावायचा दगड काढला. दोन हात मारायचे, बसवून बघायची, परत दोन हात. एक जास्त घासली गेली, फुकट. चष्मा पुसला, पुढची घेतली.

माझे डोळे चांगले आहेत. बाहत्तराव्या वर्षी. ह्याचा राग येतो कधीकधी.

२० ऑक्टोबर, दिवाळी

फोनवर शुभेच्छा. हवा इतकी घाण की समोरची टाकी दिसत नाही. बाळू म्हणाला, "आज सगळ्यांनाच दिसत नाहीये." आणि हसला. मीही हसलो, मला काही माहीत नसल्यासारखा.

भिंती विमानतळावर आल्यात, कस्टममध्ये अडकल्यात. कागद मागतात. त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट खुशीत दिसला. "आता सरकारी काम, दादा. मला विचार किती वेळ लागतो ते."

मी दिवाळीच्या आत म्हणत होतो. इंजिन अजून अर्धंच.

२ नोव्हेंबर, रविवार

थर चढवले. सीलं जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन लागतं. उषाची डबी नेली. "हिवाळ्यात माझ्या टाचांना काय, ग्रीस लावू?" म्हणाली. पण आली बरोबर, बॅटरी धरून उभी राहिली. लांब बोल्ट ठरल्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले. शाफ्ट हाताने फिरवला. आत मऊ फुस्स, फुस्स, एकामागून एक, सारखं. झोपलेल्या पोराच्या श्वासासारखं.

माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. आणि कोणाला सांगता येत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुरू झालं.

आधी नुसता स्टार्टर घरघरत राहिला. मग एकदा खोकलं. मग पांढऱ्या धुराचा लोट. व्हॅसलीन, तेल, कुंकू, काय काय जळत होतं. चावलाजी धावत आले, "ओ जी, आग लगा दी क्या?" धूर विरला आणि आवाज उरला. धबधब नाही काही नाही. भुंग्यासारखा, एका सुरात. चावलाजी कान देऊन उभे राहिले. म्हणाले, "छोटे भाई को बुलाओ."

कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दम, मोजलं. दोन्ही रोटर सारखे.

बाळूला फोन केला. सांगितलं सगळं, जुन्या भिंती, मऊ सीलं, न विचारता.

"माझ्या गाडीत भंगार घातलंस."

"आपल्या गाडीत."

"बरं. आपल्या."

"उद्या ये. चालव."

"बघतो."

९ नोव्हेंबर, रविवार

आले दोघं. ऊन पडलेलं, धुकं नव्हतं. रस्ता झाडून घेतला होता मी, गेटपासून बॉयलरघरापर्यंत. गाडी तोंड करून उभी. इंजिन गरम करून ठेवलेलं.

बाळू बसला. सीट मागे-पुढे केली, आरसा हलवला. आरशात काय दिसलं असेल. स्टिअरिंगवर दोन्ही हात. गाडी सुरू केली, थोडा वेग दिला, सोडला. तोंडावर काही तरी आलं, जुनं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. क्लच दाबला, पहिल्यात टाकली.

थांबला. परत न्यूट्रल.

"दादा, पुढच्या रोटरला दम कमी आहे."

"मोजलंय मी काल. दोन्ही सारखे."

"यंत्राला काय कळतं. मला कानाला कळतं."

"एक फेरी. त्या बॉयलरघरापर्यंत. मी शेजारी बसतो."

"कच्च्या इंजिनावर पहिली फेरी नको. नव्या भिंती येऊ देत, मग चालवू. नीट."

"बाळू, एकच फेरी."

"घाई कसली आहे तुला एवढी? मरायला टेकलायस का?"

हसत म्हणाला. सुनंदाने जमिनीकडे पाहिलं.

मी म्हटलं, नाही, घाई कसली.

त्याने इंजिन बंद केलं. उतरताना दार सोडलं नाही, दार धरूनच वळला. चावलाजी विचारत होते, "क्या हुआ, चला के देखो ना जी." बाळू म्हणाला, "अभी कच्चा काम है."

कच्चा काम है. ऐकून घेतलं.

१० नोव्हेंबर

उषाजवळ ओकलो सगळं. किती महिने खपलो, कोणासाठी, काय मिळालं. ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुम्ही त्याच्यासाठी इंजिन बांधलंत की त्याला पकडायला?"

रागावलो तिच्यावर. जेवलो नाही.

११ नोव्हेंबर

इंजिन उघडं होतं तोवर बाळू गाडी चालवणारा माणूस होता. सामान यायचंय, मग चालवणार, एवढंच. लांबचं सामान त्याने उगीच निवडलं नव्हतं. वीस वर्षं टिकणारं इंजिन त्याला नकोच होतं. न संपणारं काम हवं होतं.

आणि मी वेळेवर सुरू होणारं बांधून दिलं. प्रेमाने. रस्ता झाडून.

कपाळावर हात मारायलाही उशीर झाला.

१३ नोव्हेंबर

कस्टमने सोडल्या. खोकी शेडवर आली. उघडून पाहिल्या. नव्या भिंती कशा दिसतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आरशासारख्या. बोट फिरवलं तर बोटाला काही लागतच नाही. बाळूची निवड चांगली होती, हे खरं तेच लिहितो.

फोन आला त्याचा. आवाज टवटवीत. "मिळाल्या? चलो. आता हे उघड आणि त्या बसव. आणि उघडतोच आहेस तर शाफ्टची बेअरिंगही बदलू. मी मागवतो. कड्याही मागवू का?"

म्हटलं, मागव.

जुन्या भिंतींशी जमलेली सीलं नव्या भिंतींना चालत नाहीत. म्हणजे सुरू असलेलं इंजिन मोडायचं, त्यातलं निम्मं फेकायचं आणि त्याच्या पुढच्या पार्सलची वाट बघायची. ते आलं की आणखी कशाची.

दुसरं म्हणजे उघडायचंच नाही. गाडी चालू आहे, रस्ता आहे, ये आणि बस. मग त्याला तोंडाने सांगावं लागेल.

दोन्हींत कुठलं सामान चांगलं, हे मॅन्युअलात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शेडवर गेलो. पाने मांडले, तेल खाली काढायला घमेलं सरकवलं. मग वाटलं, उघडण्याआधी एकदा सुरू करावं. पहिल्याच हाकेला उठलं. धूर नाही. बॉनेट उघडं टाकून शेजारी स्टूल घेऊन बसलो.

बाळूचा फोन.

"उघडलंस का?"

"उघडतोय."

"अच्छा."

मला वाटलं कट झाला.

"मागे कसला आवाज येतोय, दादा?"

"चावलाजींचा जनरेटर."

"प्रदूषणामुळे जनरेटर बंद आहेत ना सध्या?"

"त्यांचा चालतो."

त्याच्याकडे सुनंदाने कुकर लावलेला, शिटी ऐकू आली. तिला तो म्हणाला, "जरा गॅस बारीक कर गं." कुकर थांबला. मी फोन इंजिनाच्या बाजूला धरला होता, ते माझं मलाच उशिरा लक्षात आलं.

"चांगला चाललाय," बाळू म्हणाला. "एकदम सारखा. पुढचाही आणि मागचाही."

"हो."

"लगेच बंद करू नकोस."

नाही केला. पाने तसेच पसरलेले.